वंदनाच्या नावाची मूठ

इंदूरच्या डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्यावर पेनाने एक उभी रेघ ओढली आणि रेघेच्या एका बाजूचा सगळा भाग खोडून टाकला.

"हे काढून टाकायचं. उरेल ते एका केळ्याएवढं असेल."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने, निरंजनने, गंभीरपणे मान हलवली. वंदनाने मात्र विचारलं, "कोणतं केळं, डॉक्टर? आमच्याकडचं जी-नाईन वीतभर असतं."

डॉक्टर हसले. "घडाच्या अगदी शेंड्याला जे राहतं ना मॅडम, ते."

मग तिला कळलं. तिच्या सासरच्यांची फोपनारला केळीची शेती होती. घड कापला की शेवटच्या फणीतली ती बोटाएवढी केळी व्यापारी बाजूला टाकतो. ती मोजतसुद्धा नाहीत. तेवढ्या पोटावर आता पुढचं आयुष्य काढायचं होतं.

वंदना फेगडे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात राहते आणि एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन आली तेव्हा ती अंगाने भरलेली होती, पण जिना चढताना थांबावं लागत नव्हतं. मग कुणी न सांगता घरातलं एक काम तिच्याकडे आलं. उरलेलं संपवायचं. मुलीच्या डब्यातून परत आलेली पोळी, नवऱ्याच्या ताटातला भात, कढईच्या कडेला राहिलेली भाजी. अन्न टाकायचं नाही, हे तिच्या आईने शिकवलं होतं आणि सासूने पक्कं केलं होतं. त्यामुळे स्वतःचं जेवण झालं की तिचं दुसरं जेवण सुरू व्हायचं. ओट्यापाशी, उभ्याने, कुणाच्या लक्षातही न येणारं.

पुढे गुडघे गेले, साखर वाढली, आणि झोपेत तिचा श्वास मध्येच अडायला लागला. चालून झालं, काढे झाले, भात सोडून झाला. वजन उतरायचं आणि उतरल्याहून जास्त परत यायचं. एकदा तिला कळलं की हिमानी, तिची तेव्हा बारा वर्षांची मुलगी, रात्री उठून आईच्या नाकाशी बोट धरून बघते. श्वास चालू आहे ना, एवढंच बघून परत झोपते. दुसऱ्याच दिवशी वंदनाने निरंजनला सांगितलं, "इंदूरला जायचं. विचारत नाहीये, सांगतेय."

वजन उतरवण्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. सुरुवातीला नुसतं पाणी, मग डाळीचं पाणी, मग मऊ मुगाची डाळ. हिमानीची बाळपणीची वाटी आणि चमचा माळ्यावरून खाली आले. आधी डाळ, पनीर, अंडं. जागा उरली तर पोळी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. पहिल्यांदा पोळीचा घास घाईने गिळला तेव्हा छातीत दगड बसला आणि तोंडाला फेस आला. चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. दंडाची कातडी लोंबली. ब्लाउज दोनदा आत घेतले, तिसऱ्यांदा शिंप्याने हात जोडले. रोजच्या गोळ्या जन्मभरासाठी आल्या.

पोट लहान झालं, पण डोक्यातली भूक होती तेवढीच राहिली. हे मात्र कुणी चित्र काढून सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी मावा जिलबीच्या दुकानावरून जाताना तिला राहवलं नाही. तिने अर्धी खाल्ली आणि पाचच मिनिटांत दुकानाच्या बाकावर बसून घामाने न्हाऊन निघाली. हात थरथरत होते, काळीज धडधडत होतं. दुकानदार घाबरला. "भाभी, शुगर लो झाली वाटतं. अजून एक जिलबी देऊ?" कापलेल्या पोटाला तीच जिलबी सोसली नव्हती; त्या अवस्थेतही तिला हसू आलं.

लोकांचं तर विचारूच नका. आधी जे म्हणायचे, "मॅडम, जरा कमी करा," तेच आता म्हणायला लागले, "मॅडम, जास्तच उतरलात, आजारी दिसता." स्टाफरूममध्ये नंदकुमार सर एकदा म्हणाले, "काही म्हणा, शॉर्टकट मारलात तुम्ही. आम्ही बिचारे रोज ताप्तीपर्यंत चालतो."

वंदनाने तिची वाटी त्यांच्यासमोर सरकवली. आत चार चमचे डाळ होती. "या ना सर शॉर्टकटने. दुपारचं जेवण एवढंच. हेही वीस मिनिटं चावायचं. आणि समोर तुम्ही समोसा खात असणार."

सरांनी समोसा कागदात गुंडाळला.

असं ती सगळ्यांना पुरून उरत होती. पण घरात एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती आणि ती तिच्या उशिरा लक्षात आली. ती आता उरलेलं खात नव्हती, पण उरायचं मात्र पूर्वीइतकंच. पातेल्याच्या तळाशी भात असायचा, परातीत एक पोळी. निरंजन सहज म्हणायचा, "हिमू, एवढा भात उचल गं, वाया जाईल." हिमानी उचलायची. आज्ञाधारक पोरगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा शाळेचा स्कर्ट तंग झाला. आठवीत गेली तेव्हा नवा शिवायला टाकताना शिंपी म्हणाला, "मम्मीवर गेली." वंदनाला तेव्हा दिसलं. तिने सोडलेल्या जागेवर घर तिच्या मुलीला बसवत होतं. आणि कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून भांडायचं कुणाशी हेच कळत नव्हतं.

घरात ती बोलली. निरंजन म्हणाला, "तू ना, प्रत्येक गोष्टीत टेन्शन घेतेस. वाढतं वय आहे तिचं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "हिमू, एवढी भाजी."

श्रावणात कानबाई आली.

कानबाई खान्देशातल्या घरांत बसते तशी फोपनारच्या फेगड्यांकडेही बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, साडी नेसवून देवी मांडतात आणि तिला रोटांचा नैवेद्य दाखवतात. रोट म्हणजे गव्हाची जाड, घट्ट भाकरी. रीत घराघराची निराळी, पण फेगड्यांच्या घरात घरच्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, धुतलेल्या चक्कीवर दळायचे, आणि त्याचे रोट घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, गाईला घालायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. पौर्णिमेच्या आत शेवटचा तुकडा संपला पाहिजे.

तरी दरवर्षी एक-दोन रोट हमखास उरायचे. मूठ घरच्या कर्त्याची असायची. आधी सासऱ्यांची, सुकलालबाबांची. ते गेल्यावर थोरल्या दिराची, दिगंबरची. केळीचे घड खांद्यावर घेऊन वाढलेला हात तो. त्याच्या सव्वा मुठीत चांगला ताटभर रोट व्हायचा. त्यात दिगंबरचा मुलगा मयूर पुण्याला नोकरीला गेला तरी त्याच्या नावाची मूठ चालूच होती. मयूरचा रोट कुठे जायचा? काकूच्या ताटात. "वंदना संपवीन," असं सासूबाई म्हणायच्या आणि वंदना संपवायची. त्यात तिला कधी थोडा मानही वाटला होता.

यंदा शनिवारी सगळे फोपनारला जमले. ओसरीत सोजरबाई, म्हणजे वंदनाच्या सासूबाई, सूप घेऊन बसल्या. त्या एकेक नाव घेत आणि दिगंबर पोत्यातून मूठ भरून सुपात टाकत होता. निरंजनची मूठ पडली.

"वंदना," सोजरबाई म्हणाल्या.

"आई, माझ्या नावाची मूठ मी घेते," वंदना म्हणाली. "आणि हिमानीची हिमानी घेईल. आम्हाला खायचं तेवढंच आम्ही मोजतो."

दिगंबरचा हात पोत्यातच थांबला. सोजरबाईंनी वर पाहिलं. "मूठ कर्त्याची असते वं. तुह्या सासऱ्याची होती, आता याची."

दारात उभ्या असलेल्या मालूबाई, तिच्या थोरल्या जाऊबाई, म्हणाल्या, "जिले खाताच येत नही तिच्या नावाने दळायचं कायले? राहू द्या ना यंदा तिचं नाव. लगन झालं की पोरींचं नाव निघतेच ना."

"लग्न होऊन मी या घरात आले, ताई," वंदना म्हणाली. "गेले नाही."

कुणी हसलं नाही. निरंजन नखाने भिंतीचा चुना खरवडत होता. सोजरबाईंनी सूप एकदा हलवलं आणि न्याय दिला. "नाव राहीन. मूठ दिगंबरची. संपवशीन?"

"संपवीन. पण माझ्याच नावाचं. दुसऱ्या कुणाचं नाही."

"पुनवेच्या आत?"

"पौर्णिमेच्या आत."

दिगंबरने मूठ भरली. जरा जास्तच भरली, असं वंदनाला वाटलं.

रविवारी देवी बसली, आरती झाली आणि सगळे एकाच पंगतीला बसले. ताटात रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, चण्याची डाळ, तांदळाची खीर, वर पुरणपोळी. पुरणपोळी असताना कोरडा रोट कुणाला गोड लागणार? वंदनाने आपल्या रोटाचा बोराएवढा तुकडा मोडला, डाळीत भिजवला आणि चावत बसली. तिचा दुसरा तुकडा होईपर्यंत पुरुषांचं अर्धं जेवण झालं होतं.

मयूरचा रोट परातीत एकटाच उरला. दिगंबरने तो उचलला, दोन तुकडे केले आणि हिमानीच्या ताटात टाकले.

"घे वं हिमू. तुह्या मम्मीची तं गादी खाली झाली. आता तू."

पंगत हसली. मालूबाई म्हणाल्या, "चांगली खाते पोरगी. नखरे नही तिचे." हिमानीचा चेहरा कौतुकाने फुलला आणि तिने घास मोडला.

तो फुललेला चेहरा वंदनाने ओळखला. तो तिचाच होता.

ती उठली, पंगतीच्या समोरून गेली, हिमानीच्या ताटातले दोन्ही तुकडे उचलले आणि दिगंबरच्या ताटात ठेवले.

"दादा, मयूरच्या नावाचे गहू तुम्ही मोजलेत. मयूर नाही, तर मयूरच्या बापाने खावा. माझ्या मुलीच्या नावाचा रोट तिच्या ताटात आहे."

"अवं, दोन घासांचं काय एवढं?"

"दोन घासांचंच होतं, दादा. इतकी वर्षं दोन-दोन घासांचंच होतं. ते इंदूरला जाऊन कापून काढावं लागलं. मी एकदा कापून घेतलं. तिला त्या टेबलावर मी जाऊ देणार नाही."

निरंजन हळूच म्हणाला, "वंदना, बस ना. देवीसमोर..."

"देवीसमोरच बोलतेय. कुणाच्या नावाचं कुणी खाल्लं, ती बघतेच आहे."

मालूबाईंनी वाढायचा डाव खाली ठेवला. "पोट कापलं अन् जीभ वाढली."

"जीभ होती तेवढीच आहे, ताई. आधी तोंडात घास असायचा."

पंगतीच्या टोकाला सोजरबाई खिरीत रोट कुस्करत होत्या. दिगंबरने ताटातल्या तुकड्यांकडे पाहिलं. देवीचा रोट, टाकता येत नाही, देता येत नाही, आणि ज्याच्या ताटात पडला त्याने नाही म्हणायचं नाही. त्याने मान खाली घालून चावायला सुरुवात केली.

परतीच्या वाटेवर हिमानी गाडीत मागच्या सीटवर गप्प बसून होती. शाहपूरच्या पुढे आल्यावर एकदम बोलली. "मम्मी, कोणी माझ्यावर हसत नव्हतं. बडे पप्पा लाडाने देत होते. तू बोललीस ना, आता सगळे समजतील की मी मोटी आहे. सबके सामने."

वंदनाने मागे वळून पाहिलं. खिडकीबाहेर केळीचे मळे सरकत राहिले. पोरीला वाचवायला गेली आणि तिलाच लागलं, असं तर झालं नाही ना? हा विचार पुढे कितीतरी दिवस तिच्या मनातून गेला नाही. पण केलं ते परत घ्यावं, असंही तिला एकदाही वाटलं नाही.

आता तिच्या डब्यात तिचा रोट होता आणि पौर्णिमा जवळ येत होती. रोज सकाळी ती एक तुकडा मोडायची, डाळीच्या पाण्यात भिजत घालायची आणि चमच्याचमच्याने खायची. शाळेतही डबा न्यायची. नंदकुमार सर म्हणाले, "एवढं काय जपून खाता? आम्हाला पण द्या जरा."

"देता येत नाही, सर. घरचाच माणूस लागतो."

एका दुपारी घाई झाली. तुकडा नीट भिजला नव्हता. छातीत पुन्हा तो दगड, तोंडाला फेस. ती शाळेच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली आणि शेवटी मोरीपाशी जाऊन सगळं बाहेर आलं. त्या दिवशी मग काहीच खाल्लं गेलं नाही. डबा घरी आला तेव्हा रोट पाव भाग तरी बाकी होता.

निरंजनने डबा उघडून पाहिला. तसा तो प्रेमळ माणूस. म्हणाला, "दे, मी खातो. मी पण घरचाच ना? कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आणि तिला." वंदनाने आतल्या खोलीकडे मान केली. हिमानी पुस्तक समोर धरून बसली होती आणि तिचे कान इकडे होते.

"अगं, पण तुला त्रास होतोय."

"त्रास कानबाईने नाही दिला. तिने पौर्णिमेपर्यंत वेळ दिलाय. एका बैठकीत संपवा, असं तिने कुठे म्हटलं? ती घाई आपली."

दुसऱ्या दिवसापासून तिने तुकडा रात्रभर भिजवायला सुरुवात केली. सकाळी त्याची पेज व्हायची. चवीला काही नाही, पण उतरायची.

मधेच मालूबाईंचा फोन आला. रागावलेल्याच होत्या, पण सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. "तुह्या दादाले सकाळ-संध्याकाळ चहात बुडवून रोट खायाले लावला तू. मी मयूरले फोनवर दाखवलं, पाह्य, तुह्या नावाचा तुह्या बापाले भोवला."

"मयूर काय म्हणाला?"

"हसला मेला. म्हने, मम्मी, माह्यं नावच काढा." मग मालूबाईच म्हणाल्या, "नाव कसं काढीन मी त्याचं? आई हाय ना मी."

"मीही तेच म्हणतेय, ताई," वंदना म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पौर्णिमेला, राखीच्या दिवशी, दिगंबर सोजरबाईंना घेऊन बुधवाऱ्यात आला. तो अजून फुगलेलाच होता. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. सोजरबाई सरळ स्वयंपाकघरात आल्या. "आन तुहा डबा."

वंदनाने डबा पुढे केला. आत काही नव्हतं. सोजरबाईंनी बोट फिरवून पाहिलं, तळाशी एक कण सापडला, तो त्यांनी तोंडात टाकला.

"संपवला तू."

"हो आई."

म्हातारी पाटावर टेकली. मग तिने आपला उजवा हात पुढे केला. हाडं आणि सुरकुत्या. "पाह्य. माह्यं तोंड बोळकं झालं तरी माह्या नावाची बी दिगंबरचीच मूठ. खिरीत कुस्करकुस्करून गिळते मी. कोनाले सांगू?" तिने मूठ मिटली. लिंबाएवढी झाली. "पुढच्या साली माह्यी एवढी."

बाहेरून दिगंबरचा आवाज आला. "आई, तू बी?"

"मी बी," सोजरबाई म्हणाल्या. "अन् मयूरच्या नावाची चिमूट. देवीले नाव लागते रे, पोतं नही लागत."

दिगंबर पुटपुटला, पण उठून गेला नाही.

दुपारी सगळे जेवायला बसले. वंदना आपली वाटी घेऊन आधी बसली होती, तिचं झालंही होतं. हिमानी तिच्याशी अजून मोजकंच बोलत होती. राखी, मिठाई, हसणं सगळं झालं, पण आईकडे बघून नाही. जेवण संपत आलं. पातेल्याच्या तळाशी नेहमीप्रमाणे भात होता. निरंजनने पातेलं तिरकं करून पाहिलं आणि सवयीने म्हणाला, "हिमू, एवढा उचल गं."

वंदनाचं तोंड उघडलं होतं. पण तिच्या आधी हिमानी बोलली, ताटावरून मान वर न करता.

"पप्पा, वो आपके नाम का है."

दिगंबर खो-खो हसला. कानबाईनंतर पहिल्यांदाच. सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. निरंजनने एकदा मुलीकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि पातेलं आपल्याकडे ओढलं. थोडा भात त्याने घेतला. थोडा तळाशी तसाच राहिला, आणि तो तसाच राहू दिला गेला.

हिमानी ताट घेऊन उठली. मोरीकडे जाताना आईच्या खुर्चीला तिचा हात लागला, तसा तो क्षणभर तिथेच राहिला. वंदना हलली नाही. तिला तहान लागली होती, पण तिने घड्याळाकडे पाहिलं. पाणी प्यायला अजून वेळ होता.